पहिली बादली

"मॅडम म्हणतात, डोळे मिटून आलं पाहिजे," शरू म्हणाली, आणि मी हातातली घेवड्याची शेंग मोडायची ती चुरडूनच टाकली.

सकाळपासून तिनं हे चौथ्यांदा ऐकवलं होतं. मॅडम म्हणतात चहा कमी प्यावा. मॅडम म्हणतात केस घट्ट बांधावेत. मॅडम म्हणतात भीती वाटली तर मोठ्यानं बोलावं. सव्वा वर्षाची होती ही माझी नात, माझ्या जयसिंगची पोर, तिची आई काविळीनं गेली तेव्हा. तिथपासून अठराव्या वर्षापर्यंत न्हाऊमाखू घालायचं, गोवरात रात्री जागायच्या, शाळेच्या बाईंशी भांडायचं, हे सगळं मी केलं. पण "आक्का म्हणते" असं तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं असेल तर मला येऊन सांगावं.

गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची, पायाखाली दोन विटा आणि हातात जेवणाची ताटली, हे तिचं विमान. विटा म्हणजे पायाचे पेडल आणि ताटली म्हणजे कंट्रोल, मोटारीच्या चाकासारखं विमानात हातापुढं असतं ते. रोज संध्याकाळी ती डोळे मिटून बसायची, मी भाजी निवडत शेजारी, आणि मनात येईल तेव्हा मी म्हणायचं, "स्पिन."

विमानाचा वेग नको तेवढा कमी झाला की पंखांना हवा धरवत नाही. मग ते नाक खाली करून गिरक्या घेत पडायला लागतं. त्याला ही पोरं स्पिन म्हणायची. त्यातून बाहेर पडायच्या चार गोष्टी, आणि त्या ओळीनंच करायच्या. पॉवर बंद. कंट्रोल सरळ. उलटा पाय, म्हणजे गिरकी जिकडं त्याच्या उलट बाजूचा. कंट्रोल पुढं. मी दुसरी यत्ता शिकलेली बाई, सही करताना अजून जीभ बाहेर येते, पण कानावर पडलेलं माझं कधी जात नाही. आठ दिवसांत मला ते शरूच्या आधी पाठ झालं. ती अडखळली की मी सांगायची, "उलटा पाय गं, उलटा." अलीकडं मात्र ती अडखळत नव्हती. मी 'स्पि' म्हणेपर्यंत तिचा पाय विटेवर दाबलेला असायचा. मला वाटलं, सराव झाला.

त्या दिवशी तिनं ताटली मांडीवर ठेवली आणि डोळे उघडले. "आक्का, शनिवारी मीटिंग आहे. तू हात वर करशील ना?"

मी म्हटलं, शेंगा संपू दे.

शरू विमान शिकायची त्या फ्लाइंग क्लबाचा माळ आमचा. आमच्या मालकांना कुणीतरी डोक्यात भरवलं, माळावर काही पिकत नाही तर विमानं उतरवा, आणि त्यांनी पस्तीस एकर संस्थेला दिले. ते गेल्यावर कमिटीतली त्यांची खुर्ची मला आली. पाच जणांची कमिटी. मी मीटिंगला जायची, बिस्किटं खायची, सही करायची आणि कुणी फारच मूर्खासारखं बोललं तर तेवढं सांगायची. आतापर्यंत माझ्या हातावर काही अडलं नव्हतं. या वेळी अडलं होतं.

शरूच्या मॅडमनं, म्हणजे कॅप्टन उज्ज्वला खानझोडेनं, कमिटीपुढं अर्ज ठेवला होता. ही बाई नागपूरकडची, वय पन्नाशीचं, केस पोरासारखे कापलेले, लग्न केलेलं नाही. तोवर क्लबात स्पिनचं शिक्षण ऐच्छिक होतं. ज्याला हवं त्यानं घरच्यांची सही आणायची, मग मॅडम त्याला वर नेऊन विमान मुद्दाम गिरकीत घालायची आणि बाहेर काढायला शिकवायची. बाकीच्यांनी नुसतं पुस्तकात वाचायचं. बाईचं म्हणणं असं की हे सगळ्यांना सक्तीचं करा, त्याशिवाय कुणाला एकट्यानं लांबच्या गावाला उडू देऊ नका. सचिव देवधर आणि तालुक्याचे डॉक्टर तिच्या बाजूनं होते. चेअरमन शेवाळे आणि त्यांचा साडू विरोधात. शेवाळ्यांचं म्हणणं, विमानं जुनी आहेत, पालक घाबरतील, पोरं दुसऱ्या क्लबाला जातील, आणि मुळात विमान गिरकीत जाऊच नये असं शिकवायचं की गेल्यावर काय करायचं ते? ते काही वेडं बोलत नव्हते. दोघं इकडं, दोघं तिकडं, मधे मी.

शेवाळे आदल्या आठवड्यात घरी आले होते, आणि मी त्यांना शब्द देऊन बसले होते की माझा हात खालीच राहील. का, ते त्यांना मी सांगितलं ते वेगळं. त्यांना म्हटलं, पोरांच्या जिवाशी खेळ नको. खरं कारण मार्गशीर्षातलं होतं.

मार्गशीर्षात शरू पहिल्यांदा एकटी उडाली. मला आदल्या दिवशी कळलं. क्लबात पद्धत होती की पहिल्यांदा एकटं उडून जो खाली येतो त्याला तिथंच धावपट्टीच्या कडेला पाण्यानं न्हाऊ घालायचं. मला वाटलं, न्हाऊ घालायचं तर ते काम माझं. पहाटे उठून मी आमच्या विहिरीचं पाणी काढलं. त्याच विहिरीत ही पोर पोहायला शिकली होती. तांब्याची कळशी भरली, वर फडकं बांधलं, जीपमध्ये मांडीशी धरून नेली, एक थेंब सांडू दिला नाही.

पण पहिली बादली शिकवणाऱ्याची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विमान थांबलं, शरू खाली उतरली, आणि मी फडक्याची गाठ सोडतेय तोवर त्या बाईनं चाकं धुवायची लाल प्लास्टिकची बादली उचलली आणि पोरीच्या डोक्यावर रिती केली. शरू हसत हसत तिच्या गळ्यातच पडली, तशीच, ओली. मग दोन पोरांनी ओतल्या. माझी कळशी चौथी. मी ओतायला गेले तर शरू दात वाजवत म्हणाली, "आक्का, बास आता, थंडी वाजतेय."

कळशी मी तिथंच बाभळीच्या मुळात ओतली.

तर शेंगा संपल्यावर मी शरूला म्हटलं, "तुझ्या मॅडमला सांग, शुक्रवारी घरी ये. मला काय ते तिच्या तोंडून ऐकू दे."

ती आली. मी तिला चहा दिला, पण पाहुण्यांच्या कपात दिला नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण कानतुटका कप तिनं फिरवून नीट पकडला आणि चहा चांगला झालाय म्हणाली. मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, बाई, जे पडत नाही ते पाडून कशाला दाखवायचं? पोरगं पोहायला शिकवताना त्याला कुणी बुडवून दाखवतं का?

"तुम्ही शरूला कसं शिकवलंत पोहायला?" तिनं विचारलं.

"कमरेला दोर बांधून. दुसरं कसं शिकवतात?"

"आणि विहिरीत ढकलून."

"ढकलून. पण दोर माझ्या हातात होता." मला राहवलं नाही, मी सगळं सांगितलं. सहा वर्षांची होती. पाण्यात गेली आणि विहिरीची पायरी धरून बसली, बोटं पांढरी पडली पण सोडेना. वरून सगळे ओरडत होते, पाय मार, हात मार. मी सगळ्यांना गप्प केलं. काठावर खाली बसले आणि म्हटलं, शरू, आक्का बघतेय, सोड. आणि सोडली तिनं.

"माहीत आहे मला," ती बाई हसून म्हणाली. "शरूनं सांगितलंय."

म्हणजे आमची विहीरसुद्धा पोरगी तिच्याकडं पोचवून आली होती. माझ्या अंगाची लाही झाली.

"मग दोराचंही सांगितलं असेल," मी म्हटलं. "तुमच्या विमानाला दोर नसतो बाई."

"तेच म्हणतेय मी, आक्का." तिनं कप खाली ठेवला. "मी शेजारी बसलेली असते तोवर मी दोर आहे. पुढल्या महिन्यात ही पोरं एकटी दोनशे किलोमीटर जातील. तिथं चुकलं तर कुणाच्या हातात दोर? एकदा बुडून वर आलेली असतील तरच येतील वर."

मी म्हटलं, ह्या सगळ्या बोलायच्या गोष्टी. मग तिनं ते म्हटलं, ज्याची मी वाट बघत नव्हते. "उद्या मीटिंग अकराला आहे. तुम्ही दहाला या. मी तुम्हाला वर नेते, एकदा दाखवते. मग तुम्हाला हात वर करायचा की खाली ठेवायचा ते ठरवा. मी काही म्हणणार नाही."

शरू दारात उभी होती. तिच्या तोंडावर भीती दिसली. माझ्यासाठी घाबरली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण मला ती भीती दुसरीच वाटली. मॅडमपुढं आपली म्हातारी मागं सरते की काय, अशी. आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं की त्या बाईकडं तिथं वर असं काय आहे, जे माझ्याकडं खाली नाही.

"दहाला कशाला, साडेनऊला येते," मी म्हटलं.

शनिवारी मी नेहमीचं नऊवारी नेसले, कासोटा घट्ट मारला, पदर खोचला. विमान बघितलं तर आमच्या जीपपेक्षा लहान. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोन कंट्रोल, एक माझ्यापुढं, एक तिच्यापुढं. मला शरू बसते त्या बाजूला बसवलं आणि कानाला बोलणं ऐकायचं डबडं लावलं. खुर्ची शरूच्या उंचीला पुढं सरकवलेली होती, मला मागं घ्यावी लागली नाही, आम्ही दोघी एका मापाच्या. तेवढ्यानं जरा बरं वाटलं.

मग दाराच्या कप्प्यात माझा हात गेला. आत आवळ्याची पुडी होती. माझ्या हातचा वाळवलेला आवळा, आमच्या घरच्या कॅलेंडरच्या पानात बांधलेला, पानावर दुधाच्या खाड्याच्या फुल्या माझ्याच हातच्या. दर सोमवारी मी ती पुडी शरूच्या डब्यात घालायची, वर मळमळलं तर खा म्हणून.

"हे इथं कसं?"

"शरू आणते माझ्यासाठी," बाई म्हणाली. "मलाही मळमळतं कधी कधी, कुणाला सांगू नका. फार छान असतो."

मी पुडी परत ठेवली आणि बाहेर बघत बसले.

उडाल्यावर पहिली दहा मिनिटं आम्ही नुसतं वर चढत होतो. खाली आमचा माळ, आमचा ओढा, विहीर म्हणजे काळं नाणं. सुंदर होतं, पण तिला ते सांगायचं माझ्या मनात नव्हतं. साडेपाच हजार फुटांवर आल्यावर ती म्हणाली, आता हात मांडीवर ठेवा, काही झालं तरी कंट्रोलला लावू नका.

"मला सगळं पाठ आहे," मी म्हटलं. "पॉवर बंद, कंट्रोल सरळ, उलटा पाय, कंट्रोल पुढं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "शाबास," म्हणाली. मला ते 'शाबास' झोंबलं.

तिनं पॉवर कमी केली, नाक वर घेतलं. आवाज मंदावला. कुठंतरी भोंगा रडल्यासारखा वाजायला लागला, विमान हुडहुडी भरल्यागत थरथरलं. तिनं डावा पाय दाबला. आणि माझ्या खालून खुर्ची गेली.

समोर आभाळ होतं तिथं जमीन आली. नुसती आली नाही, फिरायला लागली. ओढा, माळ, डांबरी रस्ता, ओढा, माळ, रस्ता, जात्यात घातल्यासारखं. कानात तिचा आवाज ऐकू येत होता, अगदी सावकाश, "एक... दोन... आता बाहेर काढतेय, पॉवर बंद आहे, कंट्रोल सरळ, उलटा पाय..." पुढचं मला माहीत होतं. कंट्रोल पुढं. पण पुढं म्हणजे खाली, आणि खाली तर जमीन होती, माझ्याकडं फिरत येणारी. त्या जमिनीकडं आणखी ढकलायचं?

माझे हात मांडीवरून कधी उठले ते मला आजही आठवत नाही. माझ्यापुढचं कंट्रोल मी दोन्ही हातांनी धरलं आणि छातीशी ओढलं, जेवढी ताकद होती तेवढ्यानं. आयुष्यभर बैलांचे कासरे ओढलेले हात आहेत हे.

"आक्का, सोडा."

मी ओढत होते.

"आक्का, हात सोडा."

ती तिच्या बाजूनं खांद्यानं ढकलत होती आणि ते हलत नव्हतं. ओढा, माळ, रस्ता. विहीर आता नाण्याएवढी नव्हती, परातीएवढी होती. मला पाठ असलेलं सगळं मी मनातल्या मनात म्हणत होते, ओळीनं म्हणत होते, आणि हात ओढत होते.

तिनं माझ्या कानफटात मारली.

पूर्ण हात फिरवून, सणसणीत. माझा बाप गेल्यापासून माझ्या अंगाला कुणी बोट लावलं नव्हतं. मालकांची टाप नव्हती. मी इतकी चकित झाले की हात सुटले. तिनं कंट्रोल पुढं दाबलं, आणि गिरकी थांबली. अशी थांबली की जणू कधी नव्हतीच. नुसती जमीन, सरळ समोर. मग तिनं हळूहळू नाक वर घेतलं, आभाळ जागेवर आलं, पॉवरचा आवाज आला.

माझ्या कानफटात बसला तो तिचा हात परत कंट्रोलवर होता. तो मी बघितला. तिनं माझा गाल बघितला.

"आक्का," ती म्हणाली, "खाली गेल्यावर तुम्ही सांगायचं ते सांगा. मी नाकारणार नाही. मेंबराला हात लावला तर मला काढून टाकतील. बरोबर आहे ते."

माझ्या हातात एवढं मोठं हत्यार आयतं आलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, "हिनं मला मारलं," आणि बाई संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला. शरूला पुन्हा मीच. उतरेपर्यंत मी ते वाक्य तोंडात घोळवत होते.

खाली पोरं जमली होती. पुढं शरू. आक्कानं पहिल्यांदा आभाळ बघितलं म्हणून त्यांनी गंमतीनं बादल्या भरून ठेवल्या होत्या. विमान थांबलं. माझा गाल विस्तवासारखा भाजत होता, माझ्या गोऱ्या कातडीवर पाचही बोटं उठली असणार हे मला आरसा न बघता कळत होतं. दार उघडलं की सगळ्यांनी बघितलं असतं. मला तोंड उघडायची गरज नव्हती.

ती बाई आधी उतरली. पळत पलीकडं गेली, पोराच्या हातातली लाल बादली हिसकली, आणि मी पाय खाली टेकवते न टेकवते तोच भरल्या बादलीचं पाणी थेट माझ्या तोंडावर मारलं. मग दुसरी उचलून डोक्यावर ओतली. पोरं टाळ्या पिटायला लागली. मी डोक्यापासून पायापर्यंत चिंब, गार पाण्याच्या माऱ्यानं सगळं तोंड लालेलाल. कुठला गाल कुठला, कुणाला काय कळणार.

पहिली बादली तिचीच. माझ्याही डोक्यावर.

शरू पुढं आली आणि तिनं माझ्याच पदरानं माझं तोंड पुसायला घेतलं. मग ती थांबली. पोर कुणाची आहे, तिची नजर मला माहीत आहे. "आक्का, हे काय, गाल सुजलाय?"

बाई तिच्या मागं उभी होती, रिकामी बादली हातात. तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडंच बघत राहिली.

"ते कानाला लावायचं डबडं," मी म्हटलं. "रुतलं. तुझ्या मॅडमला सांग, म्हाताऱ्या माणसांच्या मापाची आणा."

अकराला मी तशीच मीटिंगला जाऊन बसले. बाईनं तिचा कोरडा पंजाबी ड्रेस देऊ केला होता. म्हटलं, अजून तेवढी वेळ आली नाही माझ्यावर. खुर्चीखाली पाण्याचं तळं झालं. शेवाळ्यांनी पंखा बंद करायला सांगितला आणि मग अर्ज वाचून दाखवला. देवधर आणि डॉक्टरांनी हात वर केले. शेवाळे आणि त्यांच्या साडूनं केले नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी हात वर केला.

शेवाळ्यांनी अर्ज खाली ठेवला. "आक्का, तुम्ही तर मला म्हणाला होतात, पोरांच्या जिवाशी खेळ नको."

"आताही तेच म्हणते."

"वर काही झालं का?"

भिंतीशी बाई उभी होती. तिला बसायला खुर्ची दिलेली नव्हती, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

"त्या चार गोष्टी मला पाठ होत्या," मी म्हटलं. "झोपेत विचारा, आताही सांगते. पण तोंडपाठ असून उपयोग नाही शेवाळे. वेळ आली तेव्हा हातांना काही पाठ नव्हतं. पोरांच्या हातांना पाठ करा. आणि त्या बाईंना खुर्ची द्या."

कमिटीनं ठराव लिहिला. मी सही केली, कागद ओला झाला.

मग मी बाहेर व्हरांड्यात उन्हाला येऊन पदर पिळत बसले. ती बाई आली, थोडी लांब बसली. आभार मानेल असं वाटलं, आणि मानले असते तर मी ते तिच्या तोंडावर फेकले असते. पण ती म्हणाली, "सगळेच ओढतात, आक्का. पहिल्या वेळी सगळेच. शरूनंही ओढलं होतं."

पदर माझ्या हातात तसाच राहिला. "शरूनं? कधी?"

"पंधरा दिवस झाले. जयसिंगरावांची सही आहे तिच्या फॉर्मवर."

म्हणजे माझ्या पोटच्या पोरानं सही दिली आणि मला सांगितलं नाही. गच्चीवर तिचा पाय अडखळत नव्हता तो यामुळं. मी 'स्पिन' म्हणत होते, आणि ती खरी जाऊन आलेली होती. जयसिंगचं घरी गेल्यावर बघणार होते. आधी मला दुसरं विचारायचं होतं. आणि तोंडातून 'तू' कधी निघालं ते माझं मलाच कळलं नाही.

"तिलाही मारलीस?"

"नाही." तिनं मान हलवली. "तिची पकड तुमच्यासारखीच, काही केल्या सुटेना. मग मला तुमची विहीर आठवली. मी म्हटलं, शरू, आक्का बघतेय, सोड." तिनं दोन्ही मुठी उघडून दाखवल्या. "सोडलं तिनं. तत्काळ."

लांब शरू विमानाचं दार पुसत होती.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"काय?"

"ते बोलणं. विहिरीवरचं. ते माझं आहे."

"तुमचंच आहे," ती म्हणाली. "माझं असतं तर तिनं सोडलं नसतं."

मी उठले. साडी अजून ठिबकत होती. तिच्या अंगावर दोन थेंब उडाले असतील, मी बघितलं नाही.

याला आता एकोणीस वर्षं झाली. शरू मोठी विमानं चालवते, आणि कुठं काही बरंवाईट झालं की तिचा पहिला फोन नागपूरला जातो, मग मला. थोबाडीत खाल्ल्याचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या बाईनंही, माझ्या माहितीत, नाही.

मीटिंगनंतरच्या सोमवारी मी शरूच्या डब्यात आवळ्याच्या दोन पुड्या बांधल्या. दुसरी कुणाची ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फक्त त्या दुसऱ्या पुडीत मी मीठ जरा चढंच घातलं होतं.